निघून राह्यलो

"आधी हे भर वो बाई! पोट्ट्याकडे सारा तांडा धावून राह्यला, तू कायले जातं?"

हंसाबाई ओरडत होती आणि ओरडता ओरडता दोन्ही हातांनी सोयाबीन पोत्यात लोटत होती.

बसंतीबाईच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. ती धावत सुटली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, एका पायातली चप्पल सोयाबीनमध्येच राहिलेली, खाली ऑक्टोबरच्या उन्हात तापलेलं डांबर, आणि पुढे ही लांबच लांब धावपट्टी. पट्टीच्या त्या टोकाला, नाली ओलांडून, शेजारच्या मारोतीच्या तुरीत एक छोटं पांढरं विमान नाक खुपसून उभं होतं. शेपटी वर. उकिरड्यात दाणा शोधणाऱ्या कोंबडीसारखं. एरवी बसंतीबाई पोट धरून हसली असती.

विमानात माणूस एकच होता, चालवणारा. शहजाद. पट्ट्यात अडकून पुढे लोंबलेला, कपाळ फुटलेलं, डावा खांदा भलतीकडेच गेलेला. मारोती दाराशी खटपट करत होता. तिने त्याला बाजूला केलं आणि दार ओढलं. तो पट्टा तिच्या हातून कसा सुटला, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. आपली ओढणी तिने पोराच्या कपाळावर दाबून धरली, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"याडी," तो म्हणाला, तांड्यातली पोरं आईला म्हणतात तसं, "लागलं का तुले?"

"मले? मले कायले लागीन रे बापा?"

तो हसल्यासारखा झाला आणि त्याने पुन्हा डोळे मिटले. डोक्याला मार लागलाय, बरळतो आहे, असं तिने धरलं.

गाडी येऊन त्याला यवतमाळला घेऊन गेली, मग पोलीस आले. तोवर पट्टीचं तोंड झाडून-पुसून लख्ख झालं होतं. तिच्या नवऱ्याने, खेमसिंगने, पोत्याचं तोंड धरलं होतं, हंसाबाईने भरलं होतं, उरलेसुरले दाणे खराट्याने कडेच्या गवतात गेले होते. जमादाराने विचारलं, "पट्टीवर ढोर-वासरू काही होतं का रे?" खेमसिंग खाकी कपड्यात ताठ उभा होता. आवाज आला त्या दिशेला तोंड करून तो म्हणाला, "नाई साहेब. पट्टी साफ होती."

बसंतीबाई बाजूलाच उभी होती, रक्ताची ओढणी हातात घेऊन. तिला कोणी काही विचारलं नाही. बायकांना अशा वेळी कोणी विचारत नाही, आणि तोपर्यंत तिला ते सोयीचंच वाटत आलं होतं.

ही धावपट्टी दिग्रसपासून जरा आत, बंजाऱ्यांच्या तांड्याच्या माळाला लागून. कुण्या एका शेठने कापसाचं जिनिंग जोरात असताना ती आपल्यापुरती बांधून घेतली. महिन्यातून एकदा-दोनदा विमान यायचं, शेठला उतरवायचं, शेठला घेऊन जायचं. बाकी दिवस पट्टीवर बकऱ्या असत. ज्या बाजूने विमान उतरतं त्याला तांड्यातले लोक पट्टीचं तोंड म्हणत आणि जिथे ती नालीपाशी संपते ते शेपूट. तोंडापाशी चौकीदाराच्या दोन खोल्या होत्या. चौकीदार खेमसिंग. म्हणजे नावापुरता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, आहे ते सांभाळा. आहे ते म्हणजे उजेड आणि सावली. तेव्हापासून बकऱ्या हाकलणं, गवत कापणं, कुंपणाच्या तारा ओढणं, शेठच्या माणसांचे फोन घेणं, सगळं बसंतीबाईच करत होती. खेमसिंगकडे उरली होती टोपी. इंजिनचा आवाज आला की तो टोपी घालून दाराशी उभा राही आणि सलाम ठोकी. एकदा त्याने मारोतीच्या ट्रॅक्टरला सलाम ठोकला. मारोतीनेही बिचाऱ्याने उतरून सलाम घेतला आणि ही गोष्ट तांड्याबाहेर जाऊ दिली नाही.

मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो गाडीची काच अर्धी खाली करून "सब ठीक?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत काच वर करायचा.

आता या पट्टीचं एक होतं. जूनच्या आधी तोंडाकडच्या भागावर नवं डांबर पडलं होतं. काळंभोर, गुळगुळीत, खडा नाही की भेग नाही. ज्यांच्या घरी सोयाबीन येतं त्यांनाच कळेल, अशी जागा डोळ्यांसमोर असताना ओलं पीक मातीच्या अंगणात वाळवणं किती जिवावर येतं ते. यंदा परतीच्या पावसाने शेंगा चिंब भिजवलेल्या. दाणा हातात घेतला तर नखाने दबायचा. बसंतीबाईने पट्टी झाडली आणि सोयाबीन पसरलं. तिथे दोन तासांत जे ऊन लागायचं, ते अंगणात दोन दिवसांत लागलं नसतं. विमान यायचं असलं की मॅनेजरचा आदल्या दिवशी फोन येतो, मग उचलून घ्यायचं. इतकी साधी गोष्ट.

त्या दिवशी मॅनेजरचा फोन आला नाही. शेठना अचानक कुठेसं जायचं निघालं आणि नागपुरातून शहजादनेच थेट फोन केला.

"याडी, निघून राह्यलो."

"ये बापा, ये," बसंतीबाई म्हणाली. फोन कनवटीला लावला आणि पाय ओढत सोयाबीनमध्ये ओळी पाडायला गेली, खालचा दाणा वर यावा म्हणून.

इथे जरा थांबून सांगावं लागेल. आपल्याकडे 'निघून राह्यलो' याचा अर्थ निघालो असा कधीच नसतो. त्याचा अर्थ, निघायचं हे आता पक्कं झालंय. माणूस अजून पँट शोधत असतो. वरात निघून राह्यली असा निरोप आला की मुलीकडचे लोक निवांत तांदूळ निवडायला घेतात. जावई 'निघून राह्यलो' म्हणाले, की सासू आधी एक झोप काढून घेते. आणि नागपूर म्हणजे यष्टीने दिवस मोडायचं गाव. पोरगा आंघोळ करेल, दोन घास खाईल, विमानाला काय तेल-पाणी करायचं ते करेल. दुपार तर कुठेच गेली नाही. एक ऊन आरामात लागेल, असा तिने हिशेब धरला.

शहजाद विमानात बसूनच बोलला होता. पुढचा पंखा सुरू व्हायच्या बेतात होता. तो दिग्रसचाच, अब्दुल गनी मिस्त्रीचा मुलगा; 'निघून राह्यलो' त्याने आईच्या दुधासोबत प्यालेलं. पण विमानवाल्यांत राहून त्याच्या तोंडातला शब्द हळूच बदलला होता. शब्द तोच, आत वेळ दुसरी. हे ना त्याला कळलं होतं, ना तिला.

पाऊण तासाने बसंतीबाई सोयाबीनच्या मधोमध बसून खडे वेचत होती. घरघर ऐकू आली तेव्हा कुणाचं तरी थ्रेशर चालू झालं असं तिला वाटलं. मग सावली सरकली म्हणून तिने मान वर केली. समोरून तीन चाकं तिच्याकडे येत होती. उठावं म्हणून तिने हात टेकले, हाताखालून दाणे पळाले. ती पुन्हा बसली. चाकं एकदम वर उचलली गेली, डोक्यावरून वारा गेला, सोयाबीन तिच्या तोंडावर उडालं. आणि विमान पार अर्ध्या पट्टीच्या पुढे जाऊन टेकलं. उरलेली पट्टी त्याला पुरली नाही.

*

तांड्यात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मारोतीच्या तुरीत विमान पाहायला दुरून दुरून लोक आले; मारोती त्यांना कुठून पाय टाकायचा ते दाखवे आणि तुरीचं झाड मोडलं की ओरडे. चहाच्या टपरीवर जो तो पायलट झाला होता.

"अबे, ब्रेक माराले पाह्यजे होता त्यानं."

"मारला असन ना. लागला नसन."

"लागीन कसा? मॅनेजर सांगून राह्यला, पोरगा शुद्धीतच नव्हता म्हणे."

"म्हंजे?"

बोलणाऱ्याने अंगठा तोंडाकडे नेला.

पोराचं रक्त तपासायला गेलं होतं, उत्तर यायचं होतं. तोवर लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? ते बोलणं तांड्यातून दिग्रसला गेलं, आणि एका दुपारी अब्दुल गनी मिस्त्री आपल्या जुन्या गाडीवर पट्टीवर आले.

त्यांनी आधी काही विचारलं नाही. शेपटापर्यंत चालत गेले, मोडलेली तूर पाहून आले. डांबरावर टायरचे काळे ओरखडे उठले होते, त्यांतल्या एकावर बोट फिरवून पाहिलं. मग खोलीसमोरच्या बाजेवर बसले. खेमसिंगशी तब्येतीचं, पावसाचं बोलले. बसंतीबाईने कोरा चहा दिला. तो त्यांनी पुरा प्यायला, कप खाली ठेवला.

"भाभी," ते म्हणाले, "त्याले पहिला हात तुमचा लागला."

"हो, गनीभाऊ."

"त्याची अम्मी कालपासून रोटी खाऊन नाई राह्यली. मी तिले म्हटलं, मी विचारून येतो. खुदा कसम, जे असन ते सांगा, मी वाईट नाई मानत." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्या तोंडाले वास होता का?"

बसंतीबाईची नजर त्यांच्या हातांवर गेली. या माणसाने जन्मभर लोकांच्या जीपा दुरुस्त केल्या. हात कितीही धुतले तरी नखांतलं काळं जात नसे, पण नमाज कधी चुकला नाही. आणि आज तो एका परक्या बाईच्या दारात बसून हे विचारत होता.

"पेट्रोलचा होता," ती म्हणाली. "अन् रक्ताचा. तिसरा वास नव्हता, गनीभाऊ. माह्या कुंकवाची आण."

अब्दुल गनींनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"बस. मले एवढंच पाह्यजे होतं. तो तं काही बोलतच नाई. विचारलं की एकच, 'अब्बा, गलती मेरी है.'" ते उठले. "असन मंग. गलती माणसाची होते. गलतीची लाज नाई मले. पेल्याची असती."

गाडी सुरू करायला त्यांना दोन-तीन लाथा माराव्या लागल्या. खेमसिंगने आवाज ऐकून सवयीने सलाम केला. गनी मिस्त्रींनीही हात कपाळाला लावला, आणि गेले.

बसंतीबाई उंबऱ्यात बसून राहिली. एक वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं आणि तिथेच बसलं होतं, दाराशी आलेल्या भिकाऱ्यासारखं. ना आत येई, ना जाई.

"कायले सांगतं?" संध्याकाळी हंसाबाई म्हणाली. ती धाकट्या दिराची बायको. तांड्यातलं मूळचं घर आता तिच्याकडे होतं. "सांगून पोट्ट्याचं हाड जुळणार हाये का? खोल्या जाईन, नोकरी जाईन. दादाले दिसत नाई हे बी निघन मंग. कुठी जाशीन?"

"तुह्या वसरीत येईन."

"येशीन, येशीन! अन् चार दिवसांत मलेच म्हणशीन, हंसा, भाजीत मीठ कमी हाये."

"असतेच कमी तुह्या भाजीत."

"पाय! अजून आली नाई तं सुरू झालं!"

दोघी हसल्या. मग हंसाबाईने डोळ्याला पदर लावला, म्हणाली धूर लागतो. चूल तर विझलेली होती.

*

दुसऱ्या दिवशी बसंतीबाई यष्टीने यवतमाळला गेली. दवाखान्यात शहजाद उशांना टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके. त्याची आई जुबैदा खाटेशी होती. तिने उठून बसंतीबाईचे दोन्ही हात धरले. "आपण होत्या म्हणून," एवढंच म्हणाली आणि तिला पुढे बोलता येईना. बसंतीबाईला वाटलं, हे हात आत्ता सोडवून घ्यावेत आणि पळावं.

"अम्मी, याडीले चहा आण ना," शहजाद म्हणाला. आई गेल्यावर त्याने विचारलं, "सोयाबीन वाळलं का?"

बसंतीबाईने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे त्याने पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं.

"तू सांगितलं काहून नाई रे?"

"काय सांगू? का याडी पट्टीवर पापड घालून बसल्ती?"

"सोयाबीन होतं."

"तेच ते." तो हसायला गेला आणि खांदा दुखून थांबला. "तू लई हळू उठतं, याडी."

"अन् तू लई लवकर येतं! निघून राह्यलो म्हणाला, मले वाटलं आंघोळीले गेला असशीन!"

त्यावर मात्र त्याला हसू आवरलं नाही. दुखऱ्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून पाहू लागला. शाळेत असताना तो सायकल मारत पट्टीवर विमान पाहायला यायचा, कुंपणाशी उन्हात तासन्‌तास उभा राहायचा. ती त्याला पाणी द्यायची, भाकर द्यायची. तांड्यातली पोरं म्हणत म्हणून तोही तिला याडी म्हणायला लागला. तेव्हाही असाच हसायचा, सगळं अंग हलवून.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "ऐक. तुह्यावरून गेलो तिथवर सगळं बरोबर होतं. मंग विमान पुन्हा वर न्यायचं असते, चक्कर मारून यायचं असते. आमाले पहिल्यापासून तेच शिकवते. मी नाई नेलं."

"काहून?"

"मागं पाह्यलं."

"कायले मागं पाह्यलं?"

"तू पडली का उठली, ते दिसेना." त्याने नजर खिडकीकडे नेली. "तेवढ्यात पट्टी सरली. ही गलती माहीच हाये ना, याडी? सोयाबीनची नाई. मंग कायले तुहं नाव घेऊ? काकाची नोकरी जाईन, खोली जाईन. माहं काय, मी अजून पोरगा हावो."

"तुले पुन्हा उडू देतीन का ते?"

तो चादरीचा एक सुटलेला धागा ओढत राहिला. पोराला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती काय, हे कुंपणाशी पाणी देणाऱ्या बाईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? जुबैदा चहा घेऊन आली. बसंतीबाईने तो बशीत ओतला, पण प्यायला नाही, निववतच बसली.

घरी आल्यावर तिने खेमसिंगला सगळं सांगितलं. तो जेवत होता. भाकरीचा तुकडा त्याने ताटात चाचपत भाजीत बुडवला, खाल्ला, पाणी प्यायला.

"चौकशीले साहेब लोक कधी येऊन राह्यले?" त्याने विचारलं.

"परवा म्हणते मॅनेजर."

"माहा ड्रेस धुवून ठेव."

एवढंच. तीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं बोलणं कमी आणि न बोलणं जास्त समजत आलं होतं, पण या वेळी नेमकं काय समजायचं ते तिला कळेना. नोकरी वाचवायला ड्रेस, की दुसऱ्या कशाला? तिने विचारलं नाही. ड्रेस धुतला, तांब्यात निखारे घालून इस्त्रीही केली.

*

चौकशीला एक मॅडम आल्या होत्या. डोक्यावर उन्हाची टोपी, पायात बूट, मराठी पुण्याकडची. बरोबर दोन माणसं लांब फीत घेऊन पट्टी मोजत होती. मॅनेजर त्यांच्या मागे मागे हिंडत होता आणि मध्ये मध्ये आपणहून माहिती देत होता.

"पायलट नवा होता, मॅडम. जोश जास्त. इतक्या पुढं जाऊन कोणी उतरते का?"

"रक्ताचा अहवाल आलाय," मॅडम कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "त्यात काही नाही."

"नसन, नसन. मी कुठी म्हटलं?" मॅनेजर म्हणाला. "पण इथं पट्टी रिकामी, आभाळ साफ, हवा नाई. मंग दुसरं कारण काय सांगायचं?"

"तेच शोधतेय. अर्धी पट्टी सोडून तो पुढे का टेकला, ते मला कळत नाहीये. तो स्वतः काही सांगत नाही."

बसंतीबाई खोलीच्या दारातून हे ऐकत होती. ती आत गेली. कोपऱ्यातलं सोयाबीनचं पोतं तिने डोक्यावर घेतलं आणि पट्टीच्या तोंडाशी, नव्या डांबरावर आणून टाकलं. सुतळी सोडली. दाणे सर्रकन बाहेर आले, दोन्ही हातांनी तिने ते पसरले, मग पाय ओढत ओळी पाडल्या, नेहमीसारख्या.

"ए बाई!" मॅनेजर धावत आला. "हे काय करून राह्यली? मॅडम काम करून राह्यल्या, दिसत नाई का?"

ती मधोमध जाऊन बसली. मांडी घातली, ओढणी सारखी केली.

"मॅडम," ती म्हणाली, "मी इथं बसल्ती. विमान आलं तवा."

फीत धरलेली माणसं थांबली. मॅडम जवळ आल्या. त्यांनी सोयाबीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"असंच? हे सगळं असंच होतं?"

"याच्याहून जास्त होतं. साऱ्या तोंडावर होतं. पोरगा येतो म्हणून फोन आल्ता, मलेच आल्ता. मले वाटलं येळ हाये."

"तुम्ही उठला का नाहीत?"

"उठत होती. हाताखालून दाणे सरकले." तिने हात वर केला. "इतक्यावरून चाक गेलं. त्यानं उचललं म्हणून गेलं. मंग त्यानं मागं पाह्यलं, मी हाये का मेली ते."

मॅडम उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. बुटांखाली दाणे चुरडले. तिच्या शेजारी उकिडव्या बसून, तिच्याच डोळ्यांच्या उंचीवरून त्यांनी आभाळाकडे पाहिलं, जिकडून विमान येतं तिकडे. बराच वेळ पाहिलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तरी त्याने विमान परत वर न्यायला हवं होतं. ते मला लिहावंच लागेल."

"लिहा ना. त्याची गलती त्याच्या नावावर लिहा. माही माह्या नावावर लिहा. माही त्याच्या नावावर लिहू नोका, एवढंच मागतो."

"अन् चौकीदार काय करून राह्यला होता?" मॅनेजरचा आवाज चिरकला. "खेमसिंग! अबे, तू तं पट्टी साफ होती म्हणाला होता! डोळे फुटलेत का तुहे?"

"हो," खेमसिंग म्हणाला.

तो दाराशी उभा होता, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या ड्रेसमध्ये. आता तो चालत आला. रोजची वाट होती, पावलं बरोबर पडत होती. पायाखाली दाणे लागले तसा थांबला.

"खोटं बोललो, मॅडम. मले उजेड दिसते. माणूस नाई दिसत. दोन सालापासून पट्टी हीच सांभाळून राह्यली." त्याने डोक्यावरची टोपी काढली, हाताने तिचा काठ सारखा केला आणि मॅनेजरपुढे धरली.

पण मॅनेजर एव्हाना दुसऱ्या बाजूला गेला होता. टोपी नुसत्याच उन्हात धरलेली राहिली. मग मॅडमनी उठून ती त्याच्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी, आणि कुठे ठेवावी हे न सुचून तशीच धरून उभ्या राहिल्या.

खेमसिंगने पायाने अंदाज घेतला, गुडघे धरत खाली बसला, बायकोच्या शेजारी.

"गरम लागते," तो डांबरावर हात ठेवून म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

फीतवाल्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. फितीचं एक टोक त्यांनी बसंतीबाईच्या पायाशी धरलं आणि दुसरं घेऊन माणूस दूर दूर जाऊ लागला, मारोतीच्या तुरीकडे. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. मॅनेजर फोनवर बोलत होता. हललात तर माप चुकेल, असं कोणीतरी म्हणालं, म्हणून ती दोघं बसून राहिली.

ऊन कडक होतं, वारा नव्हता. बसंतीबाईचा हात आपोआप दाण्यांत गेला आणि ती खालचे दाणे वर करू लागली.